प्रशस्तिपत्रानंतरच्या रिकाम्या खुर्च्या

गेल्या मंगळवारी आमच्या टाऊनच्या स्कूल बोर्डाच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, मासिक सभेला गेलो होतो. न्यू जर्सीतल्या बहुतेक टाऊनमध्ये असते तशीच ही सभा, मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात भरणारी. सात वाजता आत पाय ठेवायला जागा नव्हती. भारतातून आलेल्या आज्या ठेवणीतल्या साड्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे फोन वर धरून उभ्या असलेल्या आईबाबांची दाटी होती. पावणेआठ वाजता मी मोजले, तेव्हा अकरा माणसे उरली होती आणि त्यांतले चौघे शाळेचेच कर्मचारी होते.

मधल्या पाऊण तासात गुणगौरव झाला. राज्य पातळीवर चमकलेला रोबॉटिक्सचा संघ, वाद्यवृंदातली मुले, निवृत्त होणाऱ्या दोन शिक्षिका आणि ३० वर्षे शाळेची साफसफाई सांभाळणारे जॅनिटर, अशा सर्वांना प्रशस्तिपत्रे देण्यात आली. अध्यक्षबाईंनी ‘ज्ञ’ने सुरू होणारे एक नाव आधीच त्या मुलीला विचारून आपल्या उच्चाराप्रमाणे कागदावर उतरवून घेतले होते, आणि व्यासपीठावर ते जवळजवळ अचूक म्हटल्यावर मुलीपेक्षा तिच्या आजीचाच चेहरा अधिक खुलला. या सोहळ्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. बोर्डाच्या नऊ सदस्यांना या कामाचा एक डॉलरही मिळत नाही, कारण आमच्या राज्यात कायद्यानेच हे पद बिनपगारी आहे. दिवसभराची नोकरी आटोपून रात्री अकरापर्यंत बसकंडक्टरच्या हिशेबासारखे आकडे तपासणाऱ्या या माणसांना महिन्यातून एकदा मुलांचे चेहरे दिसावेत, हे योग्यच आहे.

माझे म्हणणे त्यानंतरच्या तीन तासांबद्दल आहे. त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास पुढील वर्षाच्या प्राथमिक अंदाजपत्रकाचा ठराव मांडला गेला आणि त्यात ‘लेट बस’ बंद करण्याचे प्रस्तावित होते. शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांना संध्याकाळी घरी सोडणारी ही बस. थांबणारी मुले कोण, तर वाद्यवृंदाची आणि रोबॉटिक्सची. सव्वासात वाजता ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्यांची बस साडेनऊ वाजता कापली गेली. सूचक, अनुमोदक, एकेकाचे नाव पुकारून मतदान, ठराव संमत. त्या मुलांचे पालक तेव्हा घरी बसून प्रशस्तिपत्राचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकत होते. मला हे ठाऊक आहे, कारण त्यांतले सात फोटो मला सभेत बसल्या बसल्या आले.

बोर्डाला मी खलनायक ठरवत नाही. २०१० च्या कायद्याने शाळांसाठी घेतला जाणारा प्रॉपर्टी टॅक्स एका वर्षात, काही अपवाद वगळता, दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा मात्र या दोन टक्क्यांचे ऐकत नाही. म्हणजे काहीतरी कापावेच लागते, आणि जिथे आरडाओरड कमी होईल तिथे कात्री चालते. पूर्वी येथे अंदाजपत्रकावर मतदार मत देत असत. २०१२ मध्ये बोर्डाच्या निवडणुका एप्रिलऐवजी नोव्हेंबरमध्ये घेण्याची मुभा मिळाली आणि ज्या स्कूल डिस्ट्रिक्टांनी (म्हणजे एकेका बोर्डाच्या हद्दीतल्या शाळांनी) ती स्वीकारली, तिथे अंदाजपत्रक दोन टक्क्यांच्या आत असेल तर ते मताला टाकावे लागत नाही. आमचे त्यांतलेच. त्यामुळे एप्रिलअखेरीची जाहीर सुनावणी हीच काय ती आपली जागा उरते.

येथे आपल्यातले बरेच जण म्हणतील की आम्हाला कुठे मत आहे. खरे आहे, मीही ग्रीन कार्डाच्या रांगेतच आहे आणि बोर्डाच्या निवडणुकीत मला मत देता येत नाही. परंतु या राज्याच्या कायद्याप्रमाणे बोर्डाच्या प्रत्येक सभेत लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो, आणि आमच्याकडे माइकपाशी नाव आणि टाऊन विचारतात, व्हिसा विचारत नाहीत. मिळतात तीन मिनिटे. बोर्ड बहुधा लगेच उत्तर देत नाही, सदस्य नुसते लिहून घेतात, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्याला हा अपमान वाटतो. तो अपमान नसतो. बोललेल्याची नोंद इतिवृत्तात होते.

माझे आजोबा आपल्या गावच्या शाळेला शेवटपर्यंत ‘स्कूल बोर्डाची शाळा’च म्हणत, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तरीही. त्यांच्या बोर्डाच्या सभेत बोलायला कुणी त्यांना बोलावले असेल असे वाटत नाही. आज शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, हे चांगलेच आहे. पण समितीबाहेरच्या कोणाही माणसाने उठून तीन मिनिटे बोलावे आणि ते ऐकून घेणे समितीवर बंधनकारक असावे, ही सोय मी येथेच पाहिली, आणि तीही पहिली पाच वर्षे वापरली नाही. मुलीला चौथीत प्रशस्तिपत्र मिळाले तेव्हा मीही फोटो काढून पावणेआठलाच बाहेर पडलो होतो.

बोर्डाला माझी एक सूचना आहे: गुणगौरवाच्या आधी, सभागृह भरलेले असताना, दहा मिनिटे अंदाजपत्रकातली कपात सांगावी. लहान मुलांना झोपायची घाई असते, हे मान्य; दहा मिनिटांनी कुणाची झोप उडत नाही, पालकांची उडाली तर बरेच.

त्या रात्री सभा संपली तेव्हा पावणेअकरा झाले होते. ज्यांना पाऊण तासाच्या टाळ्यांत प्रशस्तिपत्र मिळाले होते ते जॅनिटर मागच्या बाजूने रिकाम्या खुर्च्या मिटत येत होते. प्रशस्तिपत्राची फाइल त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. सुनावणीसाठी माझी तीन मिनिटे लिहून झाली आहेत. रोबॉटिक्सच्या संघातल्या सातही घरांना मी फोन केले. चौघे येतो म्हणाले, दोघे ‘बघतो’ म्हणाले, आणि एकाने विचारले की सुनावणी ऑनलाइन दिसते का.