स्टॉपवॉच धरणाऱ्यांसाठी अर्जात रकाना हवा

गेल्या महिन्यात एका विद्यापीठातील क्रीडा क्लबांनी वार्षिक सामाजिक कार्य पुरस्कारासाठी पाठवलेले बावीस अर्ज मी परीक्षक म्हणून वाचले. अर्जाचा नमुना ठरलेला होता. जमवलेली रक्कम, उपक्रमांची संख्या, सहभागी सदस्यांची संख्या, छायाचित्रे आणि अगदी शेवटी 'सदस्यांसाठी केलेले अन्य कार्य' या शीर्षकाखाली दोन ओळींची मोकळी जागा. बहुतेकांनी ती जागा तशीच सोडून दिली होती. एका लहानशा क्लबने मात्र तिथे एकच वाक्य लिहिले होते: 'आमच्यातील कोणी सलग दोन सरावांना न कळवता आले नाही, तर त्याच संध्याकाळी कोणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन येते.' त्या रकान्याला गुणच नव्हते, त्यामुळे त्या वाक्यालाही मिळाले नाहीत. सर्वाधिक रक्कम जमवणारा क्लब पहिला आला. त्या निकालावर माझीही सही आहे, आणि तेव्हापासून ती मला सलते आहे.

क्रीडा क्लबांच्या समाजकार्याचा विद्यापीठांनी जाहीर गौरव करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण व्यक्तीच्या दानाबाबत मला पटते. संस्थेच्या बाबतीत ती अडचणीची ठरते, कारण क्लबमधील विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात आणि ज्या कामाची कुठेही नोंद नाही ते त्यांच्याबरोबरच संपते. पुढच्या वर्षीच्या कर्णधाराला हे काम आपले आहे हे कळण्याचा मार्ग म्हणजे कोणीतरी ते लिहून ठेवणे आणि त्याला मान देणे. माझा आक्षेप आहे तो आपण काय मोजतो आणि मोजून झाल्यावर काय देतो, यावर.

निधी जमवण्याचे काम हलके लेखण्याचा माझा हेतू नाही. या विषयावर बोलताना टेरी फॉक्सची आठवण टाळता येत नाही. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या कनिष्ठ बास्केटबॉल संघात खेळणाऱ्या या मुलाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायावर देश ओलांडण्यासाठी धावायला सुरुवात केली, आणि १ सप्टेंबरला आजार फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले, तोपर्यंत १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले होते. कर्करोग संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियन नागरिकामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा त्याच्या हयातीतच, १९८१ च्या फेब्रुवारीत, पूर्ण झाली. तेव्हा रक्कम दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर गेली होती. मात्र त्या १४३ दिवसांत त्याच्यासोबत व्हॅन चालवत होता तो डग अल्वर्ड, शाळेच्या संघात त्याच्याबरोबर खेळलेला मित्र. गाडी पुढे नेऊन थांबायचे, पाणी द्यायचे, रांधायचे आणि वेदनेने चिडलेल्या मित्राचा राग झेलायचा, हे काम त्याचे होते. सुरुवातीच्या आठवड्यांत दोघांतला ताण इतका वाढला की टेरीच्या आई-वडिलांना विमानाने येऊन समेट घडवावा लागला, आणि पुढे धाकटा भाऊ डॅरल सोबतीला आला. जमलेल्या डॉलरांचा आकडा साऱ्या देशाला ठाऊक झाला. व्हॅन चालवणाऱ्याचे श्रम मात्र कोणत्याही आकड्यात बसण्यासारखे नव्हते. शिवाय आधार देणाऱ्यालाही आधार लागतो, ही गोष्ट आपल्या पुरस्कार योजनांना अजून कळलेली नाही.

पैशापलीकडचे काम विद्यापीठाच्या संघांना किती चांगले जमते, याची उदाहरणे कमी नाहीत. अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक अँडी टॅली यांनी १९९२ पासून आपल्या खेळाडूंना अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीच्या कामाला लावले, आणि पुढे अनेक विद्यापीठांचे संघ त्यात सामील झाले. यामागे साधे वैद्यकीय कारण आहे. सख्ख्या भावंडाची ऊतींची जुळणी होण्याची शक्यता चारांत एक इतकीच असते, त्यामुळे रक्ताच्या कर्करोगावर दुसऱ्याच्या मज्जेचे प्रत्यारोपण करावे लागणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना घराबाहेरचा दाता शोधावा लागतो. आणि तरुण दात्याच्या पेशी रुग्णाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतात. निरोगी, विशीतली आणि कर्णधाराच्या एका निरोपावर वेळेत हजर होणारी शंभर माणसे क्रीडा क्लबाइतकी सहज अन्यत्र कुठे भेटणार? न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचा गोळाफेकपटू कॅमेरॉन लाइल याने विद्यार्थिदशेतच गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देऊन अशी नोंदणी केली होती. २०१३ साली त्याची जुळणी निघाली, ती नेमकी त्याच्या शेवटच्या हंगामात. मज्जा दिल्यानंतर काही आठवडे जड वजन उचलता येणार नव्हते, म्हणजे विद्यापीठाच्या मैदानावरील त्याची कारकीर्द तिथेच संपणार होती. त्याने मज्जा दिली, आणि प्रशिक्षक त्याच्या पाठीशी उभे राहिले. या कामात जमा झालेली रक्कम शून्य आहे. आपल्या नमुना अर्जात ते भरायचे ठरवले, तर पहिल्याच रकान्यात अडखळायला होईल.

मोव्हेंबरचेही तसेच आहे. २००३ साली मेलबर्नमधील तीसेक मित्रांनी निव्वळ गंमत म्हणून मिशा वाढवल्या, पुढच्या वर्षी त्याला पुरुषांच्या आरोग्याची जोड मिळाली, आणि आज कितीतरी विद्यापीठांचे संघ नोव्हेंबरात मिशा राखून निधी जमवतात. निधी मोलाचा आहेच, पण वृषणाचा कर्करोग हा तरुण पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक असून लवकर लक्षात आल्यास बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. त्यामुळे कपडे बदलण्याच्या खोलीत एखाद्या खेळाडूने 'गाठ वाटली तर लाजू नकोस, डॉक्टरांकडे जा' असे सोबत्याला सांगणे ही त्या महिन्याची खरी कमाई असू शकते. ती कोणत्याही पावतीपुस्तकात येत नाही.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, त्याकडे येते. विद्यापीठात समुपदेशन केंद्र असते, प्राध्यापक असतात, वसतिगृहाचे अधिकारी असतात. तरीही एखादा विद्यार्थी खचत चालला आहे हे अनेकदा सर्वांत आधी त्याच्या संघाला कळते. त्यात संघातील मुलांचे काही विशेष शहाणपण नसते, रचनाच तशी असते. वर्गात शंभरांत एक जण नसला तर फारसा फरक पडत नाही, पण रिले संघात चारांपैकी एक आला नाही तर सराव अडतो. रोज एकत्र धावणाऱ्या माणसाला सोबत्याचा बदललेला वेग, सुटत चाललेले जेवण, झोप न झालेले डोळे दिसतात. आणि शेजारी शेजारी धावताना, एकमेकांकडे न पाहता, माणूस अशा गोष्टी बोलून जातो ज्या समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्यावर ओठांवर येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. विद्यापीठातले जवळजवळ सारे विद्यार्थी याच वयाचे असतात. हे लक्षात घेतले म्हणजे दोन सराव चुकताच खोलीवर जाणाऱ्या त्या क्लबचे वाक्य किती मोठे आहे ते कळेल.

मी स्वतः अशाच एका क्लबची ऋणी आहे. दुसऱ्या वर्षी माझ्या नडगीच्या हाडाला अतिश्रमाने बारीक तडा गेला आणि चार महिने धावणे बंद झाले. ज्याने कधी नियमाने खेळ केलेला नाही त्याला हे दुःख किरकोळ वाटेल, पण दिवसाचा आखलेला क्रम, मैत्रिणी, थकून लागणारी झोप आणि 'मी धावपटू आहे' ही स्वतःची ओळख, हे सारे एका क्ष-किरण चित्राबरोबर गेले. मी खोलीबाहेर पडणे सोडले. आमची कर्णधार तिसऱ्या दिवशी आली. तिने मला कसलाही उपदेश केला नाही, एवढेच म्हणाली, "स्टॉपवॉच धरायला माणूस नाहीये गं, उद्या सकाळी येशील का?" पुढचे चार महिने मी मैदानाच्या कडेला उभी राहून वेळा टिपल्या. ते घड्याळ तिला स्वतःलाही धरता आले असते, हे मला फार उशिरा लक्षात आले.

त्याच वर्षी ती आणखी दोघींसाठी रात्ररात्र जागत होती, हेही मला नंतर कळले. त्यांतील एकीची अवस्था गंभीर होती आणि तिने कोणालाही सांगू नकोस अशी शपथ घातली होती. कर्णधाराने ती पाळली. काय करावे, कोणाला विचारावे, हे तिला कोणीही शिकवलेले नव्हते. सत्राच्या शेवटी तिचे दोन विषय राहिले आणि पुढच्या हंगामात तिने क्लब सोडला. वार्षिक समारंभात आमच्या क्लबला धर्मादाय दौडीसाठी ढाल मिळाली, छायाचित्रे निघाली, आणि व्यासपीठावरून तिचे नाव कोणीही घेतले नाही. ती मैत्रीण सावरली, हे आमचे सुदैव. पण सुदैवावर विसंबून कोणतेही विद्यापीठ असे काम विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर टाकू शकत नाही.

म्हणून परस्पर आधाराच्या कामाचा गौरव ढालीने होऊ नये, तर ते काम करणाऱ्याचा भार कमी होईल अशा गोष्टींनी व्हावा, असे माझे ठाम मत झाले आहे. सर्वांत आधी प्रशिक्षण. मानसिक आरोग्य प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली सुरू केला आणि तो आता अनेक देशांत शिकवला जातो. त्याच्यासारखे प्रशिक्षण प्रत्येक क्लबच्या दोन-तीन सदस्यांना विद्यापीठाच्या खर्चाने मिळायला हवे. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. आणि जिवाला धोका असेल तेव्हा 'कोणाला सांगू नकोस' ही शपथ मोडायचीच असते, या दोन गोष्टी जरी आमच्या कर्णधाराला माहीत असत्या, तरी तिचे ते वर्ष वेगळे गेले असते. त्यानंतर समुपदेशन केंद्रातील एक ठरलेली व्यक्ती, जिला क्लबचा प्रतिनिधी नाव न सांगता सल्ला विचारू शकेल आणि जिच्या हाती प्रकरण सोपवून मोकळा होऊ शकेल. आणि अशा प्रसंगातून गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या बाबतीत आजाऱ्याला मिळते तशी सवलत. हे सारे दिल्यावर ढालही द्या, माझी हरकत नाही.

मूल्यमापनाबाबत माझी एक मोठी भीती आहे आणि ती मी समितीतही मांडली आहे. आधाराच्या कामाला गुण मिळू लागले, की क्लब पुरावे गोळा करू लागतील, आणि या कामाचा पुरावा म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी दुःख. एखाद्या मुलीच्या वाईट वर्षाची हकीकत, नाव वगळून का होईना, अर्जात छापली गेली तर साठ जणांच्या क्लबमध्ये ती कोण हे सर्वांना कळेल. त्यामुळे हकीकती मागवूच नयेत. क्लबने केलेली व्यवस्था विचारावी: गैरहजेरीची दखल कोण घेते, दुखापत झालेल्या सदस्याला कोणती भूमिका दिली जाते, नवख्यांची जबाबदारी कोणाकडे असते, मद्य न घेणाऱ्याला क्लबच्या संध्याकाळी परके वाटू नये म्हणून काय केले जाते. ज्यांना आधार मिळाला त्यांनी स्वतःहून, तपशील न देता, क्लबची शिफारस करण्याची सोय ठेवावी. रकमेची तुलना करायचीच असेल तर सदस्यसंख्येच्या प्रमाणात करावी. दोनशे जणांचा क्लब आणि अठरा जणांचा क्लब एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

नवख्यांचा 'स्वागत'विधी म्हणून छळ करणाऱ्या क्लबने कितीही निधी जमवला असला, तरी त्याचा अर्ज विचारात घेऊ नये. धर्मादाय कामाने तो डाग धुतला जात नाही.

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागाने २०११ पासून स्पेशल ऑलिम्पिक्सशी भागीदारी केली असून त्या विभागातील खेळाडू बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंसोबत मैदानावर वेळ घालवतात. मला ते आवडते, कारण खेळाडूकडे देण्यासारखे जे खरोखर आहे तेच तिथे दिले जाते: मैदान, सराव आणि सोबत. परस्पर आधार म्हणजे तीच सोबत स्वतःच्या संघाला देणे होय, आणि ती पाहण्याची दृष्टी पुरस्कार देणाऱ्यांकडे असायला हवी.

नव्या अर्जाचा मसुदा तयार करण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले आहे आणि बैठक पुढच्या गुरुवारी आहे. रकमेचा रकाना मी शेवटी नेला आहे आणि त्या दोन ओळींच्या जागी एक अख्खे पान ठेवले आहे. तुम्ही कधी एखाद्या क्लबचे कर्णधार, चिटणीस किंवा खजिनदार असाल, तर तुमच्या क्लबने केलेल्या आणि कोणत्याही रकान्यात न बसलेल्या कामाबद्दल मला बुधवारपर्यंत लिहा. कोणाचेही नाव घेऊ नका, व्यवस्था तेवढी सांगा.