खणात पेनड्राइव्ह आहे की!

घरी स्टोरेज सर्व्हर बांधायचा ठरला की आधी चार-चार टीबीच्या चार हार्ड डिस्क घ्या. साध्या नव्हेत, नॅससाठी (म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या अशाच साठवणुकीसाठी) म्हणून वेगळ्या मिळतात त्या. किंमत कळल्यावर घरात जे बोललं जाईल ते निमूट ऐकून घ्या. मग बूट ड्राइव्हची, म्हणजे सर्व्हर जिच्यावरून सुरू होतो तिची, पाळी येते. काटकसर करायची ती इथे.

टेबलाचा खण उघडा. विजेच्या बिलांखाली एक पेनड्राइव्ह सापडेल. आत्याच्या नातवाच्या मुंजीचे फोटो फोटोग्राफरने ज्यात दिले होते, तोच. १६ जीबीचा. सर्व्हर चालवणाऱ्या ट्रूनॅस या प्रणालीला कमीत कमी १६ जीबीच लागतात. याला योग म्हणतात.

‘पेनड्राइव्ह टिकत नाही,’ असं कुणी म्हणालंच, तर त्याला इतिहास ऐकवा. ट्रूनॅसचं नाव फ्रीनॅस होतं तेव्हा सगळं जग ते पेनड्राइव्हवरूनच चालवायचं! पुढे ९.३ आवृत्तीत बूट ड्राइव्हवरही झेडएफएस ही फाइल साठवायची पद्धत आली, लिहिणं वाढलं आणि पेनड्राइव्ह पटापट माना टाकू लागले, हा भाग गाळा. अनरेड या दुसऱ्या नॅस प्रणालीचा दाखलाही द्या, तेही वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवरून सुरू होत आलंय. ते एकदा रॅममध्ये जाऊन बसतं आणि मग पेनड्राइव्हला फारसा हात लावत नाही, हे सांगायला तुम्हाला कोणी बांधील धरलेलं नाही.

मन खातच असेल, तर एकाच पाकिटातले दोन पेनड्राइव्ह घेऊन मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जाईल. जुळी भावंडं ती, आजारीही बहुधा एकाच आठवड्यात पडतील.

पैसे खर्चायची खुमखुमीच असेल, तर सरळ एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी बूटसाठी घ्या. ट्रूनॅस अख्खी ड्राइव्ह स्वतःच्या नावावर करून घेतं, त्यात तुम्हाला दुसरं काही ठेवू देत नाही. एका कोपऱ्यात स्वतः राहणार आणि उरलेला वाडा रिकामा. शिवाय ही एसएसडी बसते एम डॉट टू खाचेत आणि बऱ्याच मदरबोर्डांवर त्या खाचेत काही घातलं की एक साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायची जागा) बंद होतो. तुमची चौथी डिस्क दिसेनाशी होईल. हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेलं असतं, म्हणून पुस्तिका उघडायची नाही. आधी केबल बदला. मग केबल विकणाऱ्याला शिव्या द्या. मग पॉवर सप्लायवर संशय घ्या, डिस्क परत करायला लॅमिंग्टन रोडला जा, तिथे ती व्यवस्थित चालताना बघा आणि घरी परत या. रविवार सार्थकी लागतो.

बूटसाठी आणखी एक पर्याय आहे: इंटेलच्या १६ जीबीच्या साठवणुकीच्या छोट्या ऑप्टेन पट्ट्या २०१७ साली आल्या. २०२२ मध्ये कंपनीने तो धंदाच गुंडाळला. जुन्या बाजारात त्या स्वस्तात मिळतात आणि लिहून लिहून लवकर झिजत नाहीत. पण त्यात काही थरार नाही, तेव्हा सोडा.

आता गुपित. बूट ड्राइव्ह मेली म्हणून डिस्कवरचा डेटा जात नाही. सेटिंगची छोटीशी फाइल हाताशी असेल, तर नव्या ड्राइव्हवर ट्रूनॅस टाका, फाइल चढवा, पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेली साठवण) परत उभा राहतो. चहा निवायच्या आत नाही, पण जेवणाआधी नक्की. म्हणूनच ती फाइल डाउनलोड करू नका. केलीच, तर त्याच सर्व्हरवर ‘महत्त्वाचे’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. डाउनलोड करताना गुप्त बीजही (सेटिंगमधले पासवर्ड उलगडणारा कोड) सोबत घ्यायचं का, असं विचारणारी एक चौकट येते. तिच्यावर टिक करायची नाही. पूल किल्लीने एन्क्रिप्ट केला असेल, तर किल्लीची वेगळी प्रतही काढू नका. ती पेनड्राइव्हमध्ये आहे ना! तिजोरीची किल्ली आईसकांडीत ठेवल्यासारखं सुरक्षित वाटतं.

झालं. पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात खोचा. या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना, असं इन्स्टॉलर विचारेल. ‘येस’ म्हणा, तो सगळ्यांनाच विचारतो.

दिवाळीत आत्याचा फोन येईल, ‘अरे, मुंजीचे फोटो तुझ्याकडेच होते ना?’ बिनधास्त सांगा, ‘हो आत्या, तो पेनड्राइव्ह सर्व्हरलाच लावून ठेवलाय.’