तारखेच्या रकान्यावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया वाचली. संगणकात तारीख सगळीकडं वर्ष-महिना-दिवस अशा एकाच क्रमानं साठवावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, ‘एसीत बसून फॉरमॅट शिकवणं सोपं आहे. दिवस आधी की महिना आधी, यानं कास्तकाराच्या वावरात काय फरक पडतो?’

पटलं नाही म्हणाला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण हे ‘एसीत बसून’ कुठून काढलंत? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कित्येक वर्षं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवलं. मे महिन्यात लाइन गेली की कूलर बंद, आणि बाकावर कागदांच्या पिशव्या घेऊन माणसं बसलेली. घरचं वावर कोरडवाहू आहे, पराटी (कपाशी) आणि तूर. कास्तकाराचं नाव पुढं करून मला गप्प करायला जाऊ नका.

आता फरक ऐका. संगणकाची सेटिंग अमेरिकन, म्हणजे महिना आधी अशी, असेल तर अर्जात आपण टाकलेली पेरणीची तारीख 05/07/2024, म्हणजे 5 जुलै, त्याच्या लेखी 7 मे होते. तो अडत नाही, विचारत नाही. 13 तारखेपासून पुढं त्याला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून एक्सेल ती तारीख नुसता मजकूर समजून ठेवून देतं. एकाच रकान्यात काही तारखा उलट्या आणि काही तारखाच नव्हेत! दर महिन्याच्या पहिल्या 12 तारखांपैकी 11 उलटतात; दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असलेली तेवढी वाचते. वर्षाचे 132 दिवस झाले.

रोहिणी लागायच्या आधी, 7 मेला, कोणता कोरडवाहू कास्तकार सोयाबीन पेरतो? हे तुम्हाला-मला कळतं. अर्जांची यादी तपासणाऱ्याला मात्र तो अर्ज खोटा वाटतो. माझ्याकडं आलेल्या एका काकांचा अर्ज याच कारणानं परत आला होता, आणि ऐन फवारणीचा दिवस मोडून ते दुरुस्तीसाठी तालुक्याला आले. हा फरक वावरात पडला नाही तर कुठं पडला?

वेळेचंही तेच. पीक विम्यात नुकसानीची खबर 72 तासांत द्यावी लागायची. दुपारी साडेबाराची गारपीट ‘एएम’ म्हणून नोंदली गेली की ती मध्यरात्रीची व्हायची, आणि 72 मधले 12 तास खबर द्यायच्या आधीच गेलेले असायचे. मागच्या लेखात मी 24 तासांचं घड्याळ मागितलं म्हणून तुम्ही ‘रेल्वेचं टाइमटेबल’ म्हणून हिणवलंत. हिणवा. आणि एक्सेलच्या कोऱ्या घरात एकदा 7/12 टाइप करून बघा. सातबाराची तारीख झालेली दिसेल. गट नंबर 12/3 असेल तर त्याचीही.

महिना अक्षरांत लिहावा ही तुमची सूचना कागदापुरती चांगली आहे, हे मान्य. पावतीवर मीही तसंच लिहितो. पण संगणक अक्षरांच्या क्रमानं लावायला लागला की एप्रिल जानेवारीच्या आधी येतो.

‘विदेशी थेर’ म्हणालात त्याबद्दल एवढंच, की तारीख-वेळ लिहिण्याचं आयएसओ 8601 हे आंतरराष्ट्रीय मानक 1988 सालचं आहे आणि भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 7900 मध्येही हाच क्रम आहे. कास्तकारानं बोलताना वर्ष आधी म्हणावं, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. ब्राउझरमधला तारखेचा रकाना पडद्यावर आपल्या सवयीचा क्रम दाखवू शकतो आणि आतून 2024-07-05 असंच पाठवतो. लेखात हे होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.



पुन्हा लिहाल तेव्हा जरूर भांडा. पण आधी तुमच्या संगणकाची तारखेची सेटिंग उघडून बघा, आणि तिथं कोणता क्रम निघाला तेही कळवा.