हृदयाजवळची गाठ आणि सुईचा सल्ला

यवतमाळ-वाशिमकडच्या गावगटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "पोराच्या हृदयापाशी गाठ निघाली तं तो कॅन्सरच. चाकू लावला का पसरते. सुईनं पाणी काढून घ्या. ऑपरेशनले हृदय बंद करा लागते, लेकरू दगावते. अन् खर्च गरिबाले झेपत नाही."

कॅन्सरच? मुलांच्या छातीत लिम्फोमासारख्या कॅन्सरच्या गाठी होतात, हे खरं. पण द्रवाने भरलेली पिशवी, म्हणजे सिस्ट, हे प्रकरण वेगळं. हृदयाच्या आवरणाची सिस्ट साधारण लाखात एकाला होते, आत नितळ पाणी असतं, आणि ती बहुधा जन्मजात असते. ती लहान असेल आणि त्रास नसेल, तर सर्जनही नुसती नजर ठेवायला सांगतात. ब्रॉन्कोजेनिक सिस्ट, म्हणजे गर्भात श्वासनळी घडताना बाजूला राहिलेली पिशवी, हीही जन्मजातच, पण ती श्वासनळी दाबते. पोर खोकतं, छाती वाजते, निमोनिया फिरून फिरून होतो. घरात कापूस भरलेला असला की 'धूळ बाधली' म्हणून दम्याचा पंप सुरू होतो, कधी टीबीच्या गोळ्याही. एक्स-रेत हृदयालगत गोल सावली दिसली, तर पुढे सीटी स्कॅन हवाच. आतला द्रव दाट असेल तर सीटीतही ती भरीव गाठीसारखी दिसते, मग एमआरआय लागतो.

'पसरते' हे या जन्मजात सिस्टना लागूच नाही. अख्खी काढली तर ती सहसा परत येत नाही.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला सुईचा. ब्रॉन्कोजेनिक सिस्टमधला द्रव उपसला तरी अस्तर जागेवरच राहतं, ते पुन्हा द्रव सोडतं आणि पिशवी भरते. सर्जन म्हणूनच भिंतीसकट काढतात. श्वासनळीला चिकटलेला तुकडा सुटत नसेल तर निदान त्याचं अस्तर जाळतात. आणि गाठ हायडॅटिडची निघाली तर? हा कुत्र्याच्या आतड्यातल्या कृमीचा आजार. बकरं कापल्यावर टाकलेलं काळीज-फुफ्फुस कुत्रं खातं, त्याच्या विष्ठेतली अंडी मातीतून पोराच्या हाताला आणि तोंडात. हृदयात ही गाठ क्वचितच होते, यकृत-फुफ्फुसांत जास्त. छातीतल्या अशा गाठीत सुई घातली आणि द्रव सांडला, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय जिथे सांडेल तिथे नव्या गाठी. 'पसरते' म्हणायचंच तर ते इथे म्हणा.

हृदय बंद करण्याची भीतीही बरीचशी फुकाची. सिस्ट हृदयाबाहेर असेल तर पोराला कुशीवर निजवून फासळ्यांमधून, किंवा दुर्बिणीने, ती सोडवतात. हृदय चालूच असतं. हार्ट-लंग मशीन लागतं ते मुख्यतः गाठ हृदयाच्या स्नायूतच असली तर. खरी जोखीम भूल देताना असते, कारण मोठी गाठ श्वासनळीवर दाबून बसलेली असते. म्हणून हे काम तालुक्याच्या नर्सिंग होमचं नाही. लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर आणि आयसीयू असेल तिथेच जा, मग नागपूर गाठावं लागलं तरी.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. हे ऑपरेशन बसतं का, ते भरती होण्याआधी त्यालाच विचारा. रेशनकार्ड, आधार आणि स्कॅनची फिल्म किंवा सीडी सोबत असू द्या. नुसता रिपोर्टाचा कागद नेला तर सर्जन आधी फिल्मच मागेल.