पुतळा किती फुटांचा

गेले तीन आठवडे घरच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय: चौकातला महाराजांचा नवा पुतळा वीस फुटांचा की पंचवीस. त्याच्यापाशी उभं राहिल्यावर माणसाला काय आठवावं, यावर कोणी बोलेल का, असं मी विचारलं. दादाचं उत्तर आलं, "तुमच्या अमेरिकेला इतिहास आहे कुठे? तू कशाला बोलतेस?"

दादा, मी रोज इथे बॉस्टनमध्ये पार्क स्ट्रीटला उतरून ऑफिससाठी टेकडी चढते. वर स्टेट हाउससमोर, म्हणजे राज्याच्या विधानभवनासमोर, शिल्पकार सेंट-गॉडन्सचं १८९७ सालचं ब्राँझचं शिल्प आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातला गोरा सेनानी कर्नल शॉ घोड्यावर आहे, पण त्याच्या बरोबरीनं त्याच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे कृष्णवर्णीय शिपाई चाललेत आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून त्यांनी तो वर्षाहून अधिक काळ घेतलाच नाही, तरी लढले. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावरच्या हल्ल्यात शॉ पडला, त्याच्याबरोबर यातलेही कितीतरी पडले.

अमेरिकी संगीतकार चार्ल्स आइव्ह्जच्या 'थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड' या वाद्यवृंदरचनेचा पहिला भाग या शिल्पावर आहे. आइव्ह्जचा धंदा न्यूयॉर्कमध्ये विम्याचा. रचना मुख्यतः १९११ ते १९१४ मधली, पण ती पहिल्यांदा वाजली १९३१ साली. त्या पहिल्या भागात विजयाचा डंका नाही, दमलेल्या पायांची चाल आहे. यादवी युद्धातल्या गाण्यांचे तुकडे धुक्यातून आल्यासारखे येतात नि विरतात. उंची मोजायची तर ही मोजा.

दुसरा भाग कनेटिकटमधल्या रेडिंगचा, जिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७८-७९ च्या हिवाळ्यात जनरल पटनमच्या सैन्याचा तळ होता. चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, सहलीला आलेलं एक पोर तिथे झोपतं आणि त्याला ते शिपाई दिसतात. दोन मार्च दोन वेगळ्या लयींत एकदम वाजतात. इथल्या मैत्रिणींना तो गोंधळ वाटला. मी विसर्जनाला समोरासमोर आलेली दोन ढोलपथकं ऐकत वाढले, मला तो लगेच कळला.

तिसऱ्या भागाबद्दल मात्र खरं सांगायला हवं. १९०८ मध्ये नवं लग्न झालेले आइव्ह्ज आणि हार्मनी स्टॉकब्रिजला हूसाटॉनिक नदीच्या काठानं फिरत होते. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या चर्चमधून गाणं येत होतं. मास पाइक या महामार्गावरून ती नदी मी अनेकदा ओलांडलीय, पण सूर सुरू झाले की मला ती दिसत नाही. मला वाईचा घाट दिसतो. कृष्णाबाईच्या उत्सवातलं कीर्तन पाण्यावरून येतंय आणि आजीनं माझा हात घट्ट धरलाय.

गेल्या वर्षी मी इथली नागरिक झाले. शपथ घेऊन बाहेर पडले, तेव्हा सगळे फोटो काढत होते. मी गाडीत बसून रडले. "तू कशाला बोलतेस" हे म्हणूनच लागलं, दादा. तिथे आता माझं मत नाही. आणि शॉच्या शिल्पाला 'आमचं' म्हणते खरी, पण त्या रेजिमेंटमध्ये माझं कोणी चाललं नव्हतं.

इथेही त्यातल्या पडलेल्या शिपायांची नावं शिल्पाच्या मागच्या बाजूला कोरली गेली ती १९८० च्या दशकात, जवळजवळ एक शतक उशिरा. आपण तेवढं थांबू नये. पुतळा कितीही फुटांचा करा, चौथऱ्यावर मावळे चालताना दाखवा आणि जी नावं ठाऊक आहेत ती कोरा.

आणि चौकाचा एक फोटो पाठव. वडाचा पार तोडणार नाहीत ना?