अजून ‘अ’च का?

आत्ताच सोसायटीच्या गुणगौरव समारंभातून वर आले. साडीसुद्धा बदललेली नाही. आधी हे लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

दरवर्षीसारखाच कार्यक्रम. दहावी-बारावीची मुलं, एक सीए झालेला, एक जर्मनीला निघालेला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. शेवटी आमच्या बी विंगमधल्या मुलीचं नाव पुकारलं. नुकतीच पीएचडी झाली तिची. प्रमुख पाहुण्यांनी माइकवरूनच विचारलं, “कशात केलीस बेटा?” ती म्हणाली, “लायकेन्सवर. म्हणजे आपलं दगडफूल.” पाहुणे म्हणाले, “दगडफूल? गोड्या मसाल्यातलं?” हॉल हसला. तेवढ्यावर थांबावं ना माणसानं! तर नाही. “किती वर्षं लागली?” “साडेसहा.” “साडेसहा वर्षांत आमच्या हिनं किती किलो मसाला कुटला असता!” पुन्हा हशा. टाळ्यासुद्धा. ती पोर शाल सावरत सगळ्यांबरोबर हसली आणि खाली येऊन बसली.

ते हसू मला ओळखू येतं. माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलंय.

माझी आत्या डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाच्या कामावर होती. १९४८ साली डॉ. कत्रे यांनी सुरू केलेलं काम. ऋग्वेदापासून पुढे सुमारे १५०० ग्रंथ घ्यायचे, वेदान्त, व्याकरण, वैद्यक, गणित, ज्योतिष, नाट्य असे साठाच्या वर विषय, आणि त्यातला शब्द न् शब्द कुठे आला, कधी आला, कोणत्या अर्थानं आला हे एकेका चिठ्ठीवर उतरवायचं. नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यात पंचवीस वर्षं गेली. एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या आहेत त्या. कोशाचा पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. तेव्हापासून खंडामागून खंड निघताहेत आणि ते सगळे ‘अ’चे आहेत.

मी दहा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत आत्या मला एक दिवस घेऊन गेली होती. दगडी इमारत, आत गार, आणि भिंतीला लागून लोखंडी कपाटं, त्यांना लहान लहान खण. मी कंटाळले असणार, कारण तिनं एक खण ओढला, त्यातल्या ‘अंक’ शब्दाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि पत्ते मांडतात तशा टेबलावर मांडल्या. ही बघ, इथे अंक म्हणजे मांडी, आईच्या अंकावर बाळ असतं तो. ही गणिताच्या पुस्तकातली, इथे अंक म्हणजे आकडा. ही नाटकाची, पहिला अंक, दुसरा अंक. आणि ही? इथे अंक म्हणजे खूण, डाग. “तुझ्या वर्गात शशांक आहे ना? शश म्हणजे ससा. सशाची खूण ज्याच्या अंगावर आहे तो शशांक, म्हणजे चंद्र.” माझ्या वर्गातल्या शेंबड्या शशांकच्या नावात ससा दडलेला आहे हे कळल्यावर मला झालेला आनंद अजून आठवतो. आई, आकडा, नाटक आणि चंद्र एका टेबलावर. मग तिनं त्या सगळ्या चिठ्ठ्या क्रमानं लावल्या, दोनदा तपासल्या, खण बंद केला.

आणि हेच काम घरात दर दिवाळीला चेष्टेचा विषय व्हायचं. फराळाची ताटं आली की माझे एक काका हमखास विचारणार, “काय मग, कुठवर आलं? अजून ‘अ’च का?” सगळे हसायचे. आत्याही हसायची. एका वर्षी, मी कॉलेजात होते, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते आणि फार शहाणी झाले होते, तेव्हा काकांच्या आधी मीच विचारलं. आत्या हसली, हातातली चकली ताटात ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. चहा कुणीच मागितला नव्हता.

ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज त्या मुलीला स्टेजवरून उतरताना बघितलं आणि घशाशी आलं.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. परतावा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पण जगातली प्रत्येक गोष्ट त्याच काट्यावर टाकायची? आणि तेही या गावात? पुण्यात राहून? लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज गाड्या उडवत जाता ना, तिथे भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं बसून लोकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. मूळ पाठ ठरवायला १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. शारदा, ग्रंथ, मल्याळम, बंगाली, कितीतरी लिप्यांतली. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० कॅलरी एवढं अन्न ज्याला परवडत नाही तो गरीब, असं धरून या देशातले गरीब मोजले. तिकडे खोडदला, नारायणगावच्या पुढे, रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रात्रंदिवस आकाशाकडे कान लावून असतात. इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी बारा हंगाम खणलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरत होता, काय खात होता ते जळक्या दाण्यांवरून आणि हाडांवरून काढलं. पाषाणला हवेचा आणि पावसाचा अभ्यास, पलीकडे रसायनांचा. पुण्याच्या शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत हे सगळं आहे. आणि आपण हसतोय दगडफुलावर.

बरं, हे विषय म्हणजे बंद दारांच्या वेगवेगळ्या खोल्या आहेत असंही नाही. महाभारताच्या त्या कामाला शिस्त लावणारे सुकथनकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले. पुढे बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळले. आणि दामोदर कोसंबी! फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. चांदीची जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी घेऊन त्यांनी एकेक नाणं वजन करून पाहिलं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणजे वजन घटलं त्यावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. गणिती माणूस सोनाराच्या काट्यावर इतिहास मोजतोय. त्याच माणसानं भर्तृहरीची संशोधित आवृत्ती केली. त्याच माणसाचं १९४४ सालचं सूत्र आनुवंशशास्त्रवाले जनुकांमधली अंतरं काढायला अजून वापरतात. आणि वेळ मिळेल तेव्हा पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर अश्मयुगातली बारीक हत्यारं वेचत फिरायचे. आज स्टेजवर उभं करून विचारलं असतं, “कशात केलीस बेटा?” तर काय सांगितलं असतं त्यांनी?

आता खाली कुणीतरी लिहिणार, म्हणून आधीच लिहिते. हो, जनतेचा पैसा आहे, हिशोब मागायलाच हवा. हो, बढतीसाठी इकडचं उचलून तिकडे चिकटवलेले प्रबंधही मी पाहिलेत. मान्य. पण हिशोब मागणं वेगळं आणि माइक हातात आहे म्हणून पोरीची टिंगल करणं वेगळं.

उपयोगाचं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. अमेरिकेत यलोस्टोनच्या कढत झऱ्यांत जिवंत राहणारा एक जिवाणू १९६० च्या दशकात सापडला. एका माणसाला कुतूहल, की एवढ्या उकाड्यात हे जगतं कसं? पुढे त्या जिवाणूतल्या एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, पीसीआरचं, डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं, तंत्र उभं राहिलं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, ती तपासणी त्याच तंत्रावरची.

लिहिलं खरं, पण वाचताना माझं मलाच बरं वाटत नाहीये. म्हणजे पुढेमागे औषधपाणी निघालं म्हणून त्या माणसाला माफ करायचं? आणि माझ्या आत्याचं काय? तिच्या चिठ्ठ्यांतून कुठलीही तपासणी निघणार नाही. ‘अंक’ शब्दाचे अर्थ नीट लागले म्हणून कुणाचा ताप उतरणार नाही. तरी ते काम कुणीतरी करायलाच हवं होतं आणि तिनं ते केलं, चोवीस वर्षं, बसच्या गर्दीतून येऊन-जाऊन, एकही चिठ्ठी चुकीच्या खणात न टाकता. यापलीकडे मला त्याची बाजू मांडता येत नाही आणि मांडायचीही नाही.

जाऊ दे. राग थोडा उतरलाय. मघाशी खाली काय झालं ते सांगते.

कार्यक्रम संपल्यावर लोक बटाटेवड्याच्या रांगेत गेले. मी त्या मुलीला गाठलं. काय बोलायचं सुचेना म्हणून विचारलं, “दाखव ना मला, कसं असतं ते.” मला वाटलं मोबाइलवर फोटो दाखवेल. तर ती म्हणाली, “चला की काकू, गेटपाशीच आहे.” पर्समधून भिंग काढलं. शाल-श्रीफळ घ्यायला आलेल्या मुलीच्या पर्समध्ये भिंग! गेटजवळच्या आंब्याच्या खोडावर तिनं मोबाइलचा उजेड धरला. खोडावरचे ते पांढुरके डाग मी बारा वर्षं बघतेय, मला वाटायचं रंगकाम करताना चुना उडालाय. भिंगातून पाहिलं तर काठाला नक्षी, मध्ये काळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. “हे सगळं जिवंत आहे काकू.”

मग ती बोलत सुटली. स्टेजवर तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं. दगडफूल म्हणजे एक वनस्पती नाही, दोन जीवांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ आत बसून उन्हावर अन्न करतं. १८६७ च्या सुमारास श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसानं हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा या विषयातले मोठमोठे जाणकारच त्याच्यावर तुटून पडले होते. वाढ इतकी हळू की कित्येक जातींना वर्षाला एखादा मिलिमीटरही पुष्कळ झाला. हवेतला गंधकाचा धूर बऱ्याच जातींना सोसत नाही, त्या आधी जातात, म्हणून खोडावर कोण उरलंय ते पाहून हवेचा अंदाज येतो. आपल्या या आंब्यावर जे आहेत ते चिवट, शहरात तग धरणारे. पानासारखे सुटे वाढणारे इथे तिला एकदाही दिसले नाहीत.

मी विचारलं, मग एवढ्या जाती ओळखता कशा? कोण कुणाच्या नात्यातलं? ती म्हणाली, डीएनएतल्या चुकांवरून. एका पूर्वजात एखादा बदल झाला की तो पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतो. ज्यांच्यात तोच बदल, ते एका घराण्यातले. मी तिथेच थांबले. कारण हे मी ऐकलेलं आहे. आत्यानं सांगितलं होतं, भांडारकरमध्ये पोथ्यांची घराणी अशीच लावली म्हणून. एका लेखनिकानं डुलकी लागून एक ओळ गाळली की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती ओळ गाळलेली. सारखी चूक दिसली की नातं लागतं. मी मुलीला हे सांगितलं तर तिचे डोळे एवढे मोठे झाले. “काकू, सेम! आम्ही अगदी सेम झाड काढतो!” दोघी गेटवर उभ्या राहून हसत होतो. वॉचमन बघायला लागला.

वर आल्यावर साडी न बदलता आधी मसाल्याचा डबा काढला. दगडफूल वरून करडं, खालून काळंकुळं. एक तुकडा बशीत पाण्यात टाकला, थोड्या वेळानं किंचित हिरवट दिसायला लागला. मुलीनं सांगितलं होतं तसंच.

त्याच डब्यात आत्याची गोड्या मसाल्याची कृती आहे. कामावरच्या खराब झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ती घरच्या नोंदी करायची, आणि तिला दुसरी पद्धतच माहीत नव्हती. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली अर्थ, मग आधार. “दगडफूल. ५० ग्रॅम, काड्या-खडे निवडून. आईकडून. वन्संकडे ७५, तो पाठ घेऊ नये. मंडईतलं कुबट येतं, महाबळेश्वरहून येणाऱ्या मावशींकडचं घ्यावं, पान रुंद असतं.”

त्या चिठ्ठीचा फोटो मी मघाशी मुलीला पाठवला, सहज, गंमत म्हणून. ही पोस्ट लिहिता लिहिताच तिचं उत्तर आलंय. बाजारातल्या दगडफुलात बऱ्याच जाती मिसळलेल्या असतात, पूर्वी कुठून काय यायचं याच्या नोंदी तिला कुठेच मिळत नाहीत. विचारतेय, “काकू, यावर तारीख आहे का?”

आहे. खाली उजव्या कोपऱ्यात, आत्याच्या बारीक अक्षरात. १४ एप्रिल १९८१.