गोड न लागणारी साखर

“शुगर बॉर्डरवर आली आहे, गोड बंद करा,” हा सल्ला आज आपल्यापैकी बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला मिळालेला आहे. मला तो दोन वर्षांपूर्वी मिळाला. अहवालात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारे प्रमाण, ६.१ होते आणि उपाशीपोटीची साखर ११४. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था मानतात. मी त्याच दिवशी पेढा, श्रीखंड, जिलबी सारे सोडले. होळीच्या पुरणपोळीलाही हात लावला नाही. चार महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा ६.२ झाला होता.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की हा सल्ला अपुरा आहे आणि त्यामुळे अनेक माणसे मनापासून पथ्य पाळूनही मधुमेहाकडे सरकत आहेत. जिभेला गोड लागते तेवढीच साखर, असे आपण धरून चालतो. परंतु पिष्टमय पदार्थांचेही पोटात ग्लुकोजच होते, आणि ते जितके पॉलिश केलेले, कोंडा काढलेले, मऊ शिजवलेले असतील तितके ते झपाट्याने रक्तात उतरते.

माझ्या बाबतीत मोठा वाटा साबुदाण्याचा निघाला. सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी धरली तर महिन्यातले सात-आठ दिवस माझ्या पानात खिचडी असे, आणि उपवास म्हणजे पोटाला विश्रांती, या समजुतीने मी ती निर्धास्तपणे खात असे. साबुदाणा हे धान्य नाही. कसावाच्या कंदातून काढलेला तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो; शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्टमय भाग, तर प्रथिने आणि तंतू नावापुरते. त्यात आपण बटाट्याच्या फोडी घालतो, वरून चमचाभर साखर भुरभुरतो आणि सकाळपासून रिकाम्या असलेल्या पोटी बशीभर खातो. भावाकडून ग्लुकोमीटर आणून एका सोमवारी मी खिचडीनंतर दोन तासांनी बोटाला सुई टोचली, १८२ आले. पुढच्या सोमवारी त्याच वेळेला वाटीभर भगर, दाण्याची घट्ट आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घेतले. तेव्हा १३८ आले. एका व्यक्तीच्या दोन मोजण्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि भगरही पोटभर खावी अशी नाही. पण माझे डोळे उघडायला तेवढे पुरेसे होते.

दुसरा गैरसमज गुळाचा. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केल्याचे लोक समाधानाने सांगतात, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते. गुळात थोडीफार खनिजे असतात हे खरे. तरी त्याचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखरेच्या डब्यात असते तेच. मधाचेही फारसे वेगळे नाही. माझा एकटीचा दिवसाला चार कप चहा होत असे. एके दिवशी मी प्रत्येक कपाची दोन चमचे साखर तशीच एका स्टीलच्या वाटीत घालत गेले आणि रात्री ती वाटी वजनकाट्यावर ठेवली, तर चाळीस ग्रॅम भरली. वरून घातलेली साखर आणि मध, रस यांतली साखर मिळून दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि मारी बिस्किटे यांतल्या मैद्याचा हिशेब वेगळाच.

उसाचा रस आणि फळांचे रस यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अख्खे संत्रे खावे, रस टाळावा. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या पुड्यावर मागच्या बाजूला पहिले नाव मैद्याचे असेल तर तो पुडा परत ठेवावा, कारण घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पोहे आणि भात मी सोडलेले नाहीत. पोह्यांत निम्म्याने मटार, फरसबी आणि मोड आलेली मटकी घालते. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ खाते, मग एक भाकरी आणि शेवटी लहान वाटीभर भात. ज्वारीची भाकरी ‘चालते’ म्हणून तीन खाल्ल्या तर साखर वाढणारच, हे ज्वारीवर प्रेम असूनही सांगावे लागते.

मी अंगाने बारीक असल्यामुळे माझी साखर वाढली आहे यावर कुणाचा विश्वास बसत नसे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मात्र फार पूर्वीच दाखवून दिले आहे की सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, आणि तिच्यामुळे मधुमेहाचा धोका वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह) पाहणीत देशात १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांत माझ्यासारखे बारीकही पुष्कळ असणार. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतल्याच लोकांपैकी तीन वर्षांत नेहमीप्रमाणेच राहिलेल्या शंभरांतील ५५ जणांना मधुमेह झाला, तर आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात हे प्रमाण ३९ होते. म्हणजे धोका पूर्ण टळत नाही, पण सोळा माणसे वाचतात, आणि मला ती संख्या फार मोठी वाटते.

यात सर्वांत अवघड गोष्ट पथ्य नसून आग्रह आहे. “एवढ्याशाने काय होतंय?” असे म्हणत पानात वाढले जाते ते प्रेमापोटीच, आणि नाही म्हणणाऱ्याला आपणच कुणाचा तरी अपमान करतो आहोत असे वाटत राहते. आपल्या पाहुणचाराची ही रीत आपणच बदलायला हवी, असे मला अगदी कळकळीने वाटते. गेल्या महिन्यात आम्ही नणंदेकडे जेवायला गेलो होतो. वन्संनी आधी मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर वाढली, भात शेवटी आणला तोही विचारून. शिरा कुणाच्याच पानात न वाढता झाकण ठेवून पंगतीच्या मधोमध ठेवला होता. मी त्यातला एक चमचा घेतला, झाकण पुन्हा ठेवले, आणि कुणीही काही म्हटले नाही.